सुरांची बेरीज

१९४८ साली अमेरिकेत लेस पॉल यांची ‘लव्हर’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत गिटारचे आठ भाग, वादक मात्र एकच! आधीची तबकडी लावायची, सोबत वाजवायचे आणि दोन्ही आवाज नव्या तबकडीवर उतरवायचे. प्रत्येक नकलेत खरखर वाढे. मिसळलेले सूर पुन्हा सुटे करता येत नसत. १९५७ मध्ये त्यांना आठ ट्रॅकचे टेपयंत्र मिळाले. सूर सुटे राहिले, पण नकलेतली खरखर राहिलीच.

१९९१ साली आलेल्या ‘प्रो टूल्स’मध्ये आवाज संगणकात आकड्यांच्या रूपात साठू लागला. आपला कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. मोजमापे त्याच्या दुपटीहून अधिक लागतात. म्हणून सीडीसाठी ४४,१००. आकड्यांची नक्कल झिजत नाही. मिश्रण म्हणजे निव्वळ त्यांची बेरीज! आलेखकागदावर दोन लहरींची बेरीज विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्या.