थोर शाहीर कोण? कीर्ती, कसब आणि डफावरचा जुना वाद

१/
रॅपच्या चाहत्यांत एक वाद कधीच मिटत नाही : सर्वश्रेष्ठ कोण? एक म्हणतो टुपाक, कारण त्याचे नाव जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. दुसरा म्हणतो राकिम, कारण ओळीच्या पोटातच यमके गुंफण्याची जी रीत त्याने १९८७ च्या सुमारास रुजवली, तिने पुढच्या पिढ्यांचे रॅप घडवले. पहिला कीर्ती मोजतो, दुसरा कसब. शब्द मात्र दोघेही एकच वापरतात : थोर.

२/
पुण्याचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम जिंकला, तेव्हा हाच प्रश्न मराठी तरुणांपुढेही आला. मोठेपण पडद्याने दिले की ओळींनी? परंतु या मातीला हा वाद नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी तो डफ-तुणतुण्याच्या साथीने रात्ररात्र रंगत असे. म्हणून हा थ्रेड रॅपरांवर नाही, शाहिरांवर आहे.

३/
‘शाहीर’ हा शब्द अरबी ‘शाइर’वरून आला, अर्थ कवी. मराठीत तो कवीपुरता राहिला नाही. रचणारा, गाणारा आणि फड उभा करणारा, असा सगळा भार त्या एका शब्दावर पडला. वीरांचा पोवाडा आणि शृंगाराची किंवा अध्यात्माची लावणी ही त्याची दोन मुख्य क्षेत्रे. मागे ध्रुपद उचलून धरणारे झीलकरी उभे असत. ओळ कितीही सुंदर असो, झील पडली तर रंग गेला.

४/
या परंपरेचे सर्वांत धारदार अंग म्हणजे कलगी-तुरा. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व मांडत, तुरेवाले शिवाचे. एका फडाने कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच सभेत उत्तर द्यायचे. अशा रचनांना भेदिक म्हणत. पुराणे, वेदान्त, अंकांची कोडी सारे त्यात येई. उत्तर सुचले नाही तर पराभव उघड, तोही साऱ्या गावासमोर.

५/
ब्राँक्समधील ज्या मेजवानीपासून हिप-हॉपचा आरंभ मानतात, ती झाली ११ ऑगस्ट १९७३ रोजी. कलगी-तुरा त्याआधी किमान दीड शतक जुना आहे. म्हणून ‘रॅप आमच्याकडूनच गेला’ असे म्हणणे मात्र निव्वळ भाबडेपणा ठरेल. दोन्हींचा उगम स्वतंत्र आहे. साम्य आहे ते परिस्थितीत : ताल, जमाव, समोर उभा प्रतिस्पर्धी, आणि शब्द हेच एकमेव शस्त्र. कोकणात जाखडी नृत्यातून शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात.

६/
दुसरे साम्य नावाचे. रॅपर ओळीत स्वतःचे नाव पेरतो. शाहीर शेवटच्या चौकात नाममुद्रा घालतो. ग्रंथाला मुखपृष्ठ असते, मौखिक रचनेला नसते. म्हणून नाव रचनेच्या आतच विणावे लागते. पण आत विणलेले नाव बदलताही येते. कीर्तीचा सारा घोळ येथून सुरू होतो.

७/
आता नामावली पाहू. उत्तर पेशवाईतील सहा शाहीर नेहमी एकत्र सांगितले जातात : संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९), सोलापूरचा राम जोशी, सिन्नरजवळच्या वावीचा शिंपी परशराम, पुण्याच्या दरबाराशी जोडलेला प्रभाकर, गवळी घराण्यातला होनाजी आणि शिकलगार मुसलमान घरातला सगनभाऊ. ब्राह्मण, शिंपी, गवळी, मुसलमान : जातींची अशी सरमिसळ त्या काळात दुसऱ्या कुठल्या साहित्यपंक्तीत क्वचितच दिसेल.

८/
यांत कसबाचा मुकुट बहुतेक अभ्यासक राम जोशीच्या मस्तकी ठेवतात. विद्वान घराण्यात जन्म, संस्कृताचे अध्ययन आणि नाद मात्र तमाशाचा. त्यामुळे त्याच्या लावणीत संस्कृतप्रचुर समास आणि ढोलकीचा ठेका एकाच ओळीत नांदतात. अनुप्रासांची अशी दाटी, की गाताना जीभ अडखळावी. आणि तरीही लय सुटत नाही. राकिमचे चाहते ज्याला ‘फ्लो’ म्हणतात, ते हेच.

९/
गंमत पुढे आहे. बारामतीचे पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) रचनेच्या शिस्तीत अद्वितीय; पण त्यांच्या आर्या विद्वानांच्या बैठकीपलीकडे सहज गेल्या नसत्या. पुढे कीर्तनाकडे वळलेल्या राम जोशीने त्या आर्या कीर्तनांतून गायल्या आणि लोकांच्या ओठी बसवल्या. पंडिताची कीर्ती अशी तमासगिराच्या गळ्यातून पसरली. कसब एकाचे, वाहन दुसऱ्याचे.

१०/
होनाजीची कथा याहून बोलकी आहे. ‘होनाजी बाळा’ हे एका माणसाचे नाव नव्हे. होनाजी शिलारखाने रचणारा, बाळा करंजकर गाणारा. दोघांनी मिळून फड गाजवला आणि मुद्राही जोडीने घातली. आजच्या भाषेत, लेखक आणि आवाज यांनी श्रेय वाटून घेतले. शाहिरीतले हे औदार्य विरळाच; कारण बहुतेक ठिकाणी नाव एकाचेच उरते.

११/
आज मात्र होनाजीचे नाव सामान्य वाचकाला ठाऊक असते ते मुख्यतः व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटामुळे. राम जोशीचे ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) मुळे. सगनभाऊ आणि परशराम यांची नावे मात्र अभ्यासकांपलीकडे फारशी निघत नाहीत. या चौघांत कसबाचे अंतर इतके होते काय? नाही. अंतर कॅमेऱ्याचे होते.

१२/
कॅमेऱ्याच्या आधी छापखाना होता. १८९१ मध्ये हॅरी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. अ‍ॅकवर्थ मुंबई महापालिकेचे आयुक्त होते. गोंधळ्यांच्या मुखी आणि हस्तलिखित बाडांत विखुरलेला ठेवा त्यामुळे टिकला. या कामाचे ऋण मोठेच आहे. पण संग्राहकाची वाट ज्या गावावरून गेली नाही, त्या गावचा शाहीर तेथेच संपला, हेही तितकेच खरे.

१३/
येथे हिंगोलीच्या वाचकाने थोडे थांबावे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. पुण्याच्या फडांत तिचे पोवाडे गाजले. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. पुण्यात मराठी शाहिराला पेशव्यांचा दरबार होता, नंतर मुंबई इलाख्याचा छापखाना मिळाला. इकडे कारभाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. शाहिरांच्या यादीत मराठवाडा विरळ दिसतो याचे कारण प्रतिभेत शोधण्याआधी या नकाशात शोधावे.

१४/
वाहनाचे महत्त्व पटवणारे सर्वांत मोठे उदाहरणही याच जिल्ह्यातले. कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजले जाते. जन्म १२७० चा. (पंढरपूरचाही दावा आहे, तो वाद जुना.) नामदेव शाहीर नव्हेत, कीर्तनकार. पण उभे राहून, टाळाच्या ठेक्यावर, जमावासमोर शब्द जिवंत करणे ही कला दोघांची एकच. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला आणि नरसीचा शिंपी पंजाबात अमर झाला.

१५/
पण कीर्तीचा उलटा परिणामही नामदेवांच्याच गाथेत दिसतो. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी झाला. त्याचे अनेक अभंग नामदेवांच्या नावावर मिसळले गेले. आपण समजतो की रचनांमुळे नाव मोठे होते. येथे नाव मोठे असल्यामुळे रचना त्याकडे ओढल्या गेल्या. मोठी नदी ओढे-नाले गिळते, तसे मोठे नाव लहान नावांना गिळते.

१६/
जनाबाईचे पाहा. जन्म गंगाखेडचा, आयुष्य नामदेवांच्या घरी दासी म्हणून. मुद्रेतही ती स्वतःला नामयाची म्हणवते आणि तिचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या नामदेवांच्या गाथेचा भाग म्हणून छापले गेले. परंतु दळण-कांडणाच्या कष्टांतून देवाशी जी सलगी तिने साधली, ती कोणाची उसनी नाही. तिला सांभाळले ते जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायकांनी. दरबार नाही, फड नाही, छापखाना नाही. वाहन म्हणजे शेजारणीचा गळा.

१७/
मग सारे काही योगायोगच काय? नाही. येथे दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. मौखिक परंपरेत यमक आणि अनुप्रास हा केवळ शृंगार नसतो, तो स्मरणाचा दोर असतो. ढिली ओळ तिसऱ्या गायकापाशी गळून पडते; घट्ट विणलेली ओळ शंभराव्या गळ्यातही शाबूत राहते. राजाश्रय एका रात्रीची वाहवा देईल, दोनशे वर्षांची आठवण देणार नाही. कसब नसेल तर रचना टिकत नाही. कसब असूनही वाहन नसेल तर ती पोहोचत नाही.

१८/
विसाव्या शतकातही हीच जोडी दिसते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), मूळचे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, लावण्या रचत. गर्दी खेचत असे ती पवळा. पुढे १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले : अण्णाभाऊ साठ्यांची लेखणी, अमर शेखांचा पहाडी आवाज, सोबतीला द. ना. गवाणकर. रॅपमध्ये दुसऱ्याकडून ओळी लिहून घेणे हा कलंक मानतात. शाहिरीत रचणारा आणि गाणारा वेगळा असणे ही कामाची वाटणी होती. फक्त त्या वाटणीत श्रेयाचे माप नेहमी सारखे पडले नाही.

१९/
वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे त्याचे जवळचे उदाहरण. प्रौढपणी अक्षरे गिरवून शिकलेल्या या माणसाने हजारो गीते रचली. आंबेडकरी चळवळीबरोबर ती मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांत, जयंतीच्या मांडवांत, इतरांच्या आवाजात पोहोचली. गीत पाठ आहे पण कर्ता ठाऊक नाही, असे श्रोते आजही भेटतील. कसबाची याहून मोठी पावती नाही आणि कीर्तीची याहून मोठी थट्टाही नाही.

२०/
तेव्हा वाद घालायचाच असेल तर निकष वेगळे ठेवू. कसबासाठी तीन कसोट्या : यमक अर्थाला पुढे नेते की नुसते वाजते? शब्द तालावर बसतात की ताल शब्दांमागे फरफटतो? आणि समोरच्याने पेच टाकला तर उत्तर त्याच क्षणी येते काय? कीर्तीसाठी प्रश्न एकच : या रचनेला वाहन कोणी दिले? दरबार, छापखाना, चित्रपट, चळवळ की जाते?

२१/
या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता आपल्या हाती आहे. अ‍ॅकवर्थ-शाळिग्रामांना माणसे गाठत फिरावे लागले. आपल्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. आपल्या गावात भेदिक जाणणारा म्हातारा असेल, भीमगीतांची वही जपणारे घर असेल, ओव्या पाठ असलेली आजी असेल, तर त्यांची परवानगी घेऊन ते नोंदवा. रचना लिहिताना कर्त्याचे नाव, गाव आणि कोणाकडून शिकले हे अवश्य लिहा. नाव न लिहिलेली रचना उद्या दुसऱ्या कोणाच्या मुद्रेत विरघळेल.

२२/
टुपाक की राकिम, होनाजी की राम जोशी, हा वाद खुशाल चालू द्या; त्यात रंग आहे. एवढेच ध्यानी असावे की, आपण ज्यांच्यात निवड करतो, ते सारे आपल्यापर्यंत पोहोचू शकलेले आहेत. सामना त्याआधीच अर्धा निकाली निघालेला असतो.

तुमच्या गावच्या कोणत्या शाहिराचे नाव या यादीत हवे होते? नावासह गावही लिहा.