पियानोवर पेला ठेवू नये

पसरणीच्या घाटात तुमची एसटी धापा टाकत चढतेय. खाली वाई दिसते, कृष्णेची रेघ दिसते, पण धोमचं पाणी कुठेच दिसत नाही. दिसणार कसं? साल १९५९ आहे. धरण व्हायचंय, आणि महाराष्ट्र राज्यही.

पाचगणीला उतरा आणि सिल्व्हर ओकच्या झाडांखालून सेंट पीटर्स शाळेच्या आवारात शिरा. तुम्हाला कुणी हटकणार नाही. पुढच्या काळातून आलेली माणसं कुणाला दिसत नाहीत, तेवढी एक सोय असते. आत पाच पोरांचा बँड दणक्यात चाललाय, 'द हेक्टिक्स'. गाणी लिटल रिचर्डची, क्लिफ रिचर्डची. गातोय दुसराच मुलगा. तुम्ही कडेला पियानोवर बसलेल्या त्या पारशी पोराकडे पाहा. फारोख बुलसारा, जन्म झांझिबारचा. वडील तिथल्या हायकोर्टात नोकरीला, पोरगा आठव्या वर्षापासून इथे बोर्डिंगात. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळे चिडवणारेही भरपूर. एरवी बुजरा, पण रेडिओवर गाणं ऐकलं की जाऊन पियानोवर वाजवून दाखवणार. दोस्त त्याला फ्रेडी म्हणतात. पुढचं सगळं त्याच्या कानात सांगून टाकावं असा मोह तुम्हाला होतो. आवरा.

मधली वर्षं भराभर ओलांडू. १९६४ला झांझिबारमध्ये क्रांती होते आणि बुलसारा कुटुंब चंबूगबाळं आवरून लंडनजवळच्या फेल्टमला येतं. १९७०मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या बँडचा गायक निघून जातो, तिथे फ्रेडी उभा राहतो, बँडला 'क्वीन' हे नाव देतो आणि स्वतःला मर्क्युरी हे आडनाव. पुढच्या वर्षी बेस वाजवायला जॉन डीकन येतो. ब्रायन खगोलभौतिकीचा विद्यार्थी; त्याची गिटार त्याने आणि वडिलांनी घरीच, शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडातून बनवलेली, आणि तो ती वाजवतो सहा पेन्सच्या नाण्याने. रॉजर दंतवैद्यक सोडून जीवशास्त्राकडे वळलेला, जॉन इलेक्ट्रॉनिक्सवाला. सायन्सच्या तुकडीत आर्ट कॉलेजचा एकटा फ्रेडी!

१९७५च्या उन्हाळ्याअखेरी मात्र थांबायलाच हवं. वेल्समधलं रॉकफील्ड, शेतावरचा स्टुडिओ. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर माइकभोवती उभे आहेत. सकाळी गायला लागले, आता अंधार पडला. तिघांच्या आवाजावर पुन्हा त्याच तिघांचे आवाज चढवायचे, आणखी चढवायचे, की ऐकणाऱ्याला अख्खा ऑपेराचा ताफा उभा वाटावा. सर्वांत उंच पट्टी रॉजरची. टेपवर ट्रॅक फक्त चोवीस, म्हणून भरलेले ट्रॅक एकत्र करून पुन्हा जागा काढायची. टेप यंत्रावरून इतक्यांदा फिरलीय, की तिचा तपकिरी लेप झिजून गेलाय. उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसतं. गाणं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', लांबी जवळपास सहा मिनिटं. एवढं लांब गाणं रेडिओवाले लावणार नाहीत, असं जाणकारांचं मत. केनी एव्हरेट हा निवेदक कॅपिटल रेडिओवर दोन दिवसांत ते चौदा वेळा लावतो. मग ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे तेच पहिल्या क्रमांकावर.

१९८०मध्ये जॉनच्या एका गाण्याने अमेरिकाही जिंकली. मला या बँडचं खरं कौतुक इथे वाटतं: चौघांपैकी प्रत्येकाने लोकांच्या तोंडी बसलेली गाणी लिहिली. पण १९८४मध्ये हेच चौघे वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत, सन सिटीत जाऊन वाजवून आले. 'आम्ही राजकारण करत नाही' हा बचाव तेव्हाही लंगडा होता.

१३ जुलै १९८५. लंडनचं वेम्ब्ली मैदान, मदतनिधीसाठीची 'लाइव्ह एड' मैफल, बहात्तर हजार माणसं. अजून लख्ख उजेड आहे, म्हणजे दिव्यांची जादू नाही. वाट्याला वीसेक मिनिटं. पांढरा गंजीफ्रॉक घातलेला फ्रेडी धावत येतो आणि बसतो तो पियानोवर. पियानोच्या झाकणावर पेप्सीच्या कागदी पेल्यांची जत्रा. ऱ्हॅप्सडीची सुरुवात होते, ऑपेराच्या आधीच तोडली जाते, आणि तो उठतो. आता माइकची अर्धी दांडी त्याच्या हातात आहे. तो नुसता आलाप फेकतो, मैदान तो जसाच्या तसा परत करतं. तुमच्याही नकळत तुमचा हात वर गेलेला असतो.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नेबवर्थ, त्याची क्वीनबरोबरची शेवटची मैफल. २३ नोव्हेंबर १९९१ला एड्स झाल्याचं निवेदन आलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस.

परतण्याआधी एकच थांबा. सप्टेंबर २०२३, लंडन, सदबीज. ज्यावर ती ऱ्हॅप्सडी रचली, तो १९७५मध्ये घेतलेला यामाहा पियानो लिलावात आहे. तुमच्यादेखत तो सतरा लाख पौंडांपलीकडे जातो. विकणारी मेरी ऑस्टिन, त्याची जन्माची मैत्रीण. ती सांगते, या पियानोपाशी फ्रेडी कधी सिगारेट ओढायचा नाही, त्यावर पेला ठेवायचा नाही आणि कुणाला ठेवूही द्यायचा नाही. तुम्ही लिलावाच्या गर्दीतून पुढे सरकता आणि झाकण निरखून पाहता. काळं, चकचकीत, एकही गोल डाग नाही.