दोन शून्यांचं बटण

फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडा. वरच्या ओळीत ७, ८, ९ दिसतील. आता ते बंद करा आणि फोन लावायला जा. तिथे वर १, २, ३. यूपीआयचा पिन टाकतानाही १, २, ३ वरच. एकाच फोनमध्ये, एकाच अंगठ्यासाठी, आकड्यांच्या दोन उलट्या मांडण्या. आपण दिवसभर एकीतून दुसरीत जातो आणि आपल्याला काही वाटत नाही.

मला वाटलं, कारण त्याचाच पगार मिळत होता. मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आम्ही किराणा दुकानदारांसाठी उधारीची वही फोनवर आणणारं ॲप बनवत होतो. रक्कम टाकायच्या स्क्रीनवर आकडे कसे मांडायचे, यावरून टीममध्ये दोन तट पडले. दुकानदाराच्या हाताला कॅल्क्युलेटरची सवय, म्हणून ७-८-९ वर, असं एक म्हणणं. तो फोनही वापरतोच की, म्हणून १-२-३ वर, असं दुसरं. तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ठरलं, दुकानांत जाऊन विचारू या.

हडपसरच्या एका दुकानात काकांनी माझा प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. म्हणाले, "अरे, मागे तुमचीच एक मुलगी येऊन हेच विचारून गेली. दोन तास बसली होती. तिला सांगितलं होतं, आकडे कसेही लावा, पण ते दोन शून्यांचं बटण द्या. दिलंत का?"

नव्हतं दिलं. आणि अशी कोणी मुलगी आमच्याकडून गेली होती, हेच मला माहीत नव्हतं.

त्या रात्री मी मूळ प्रश्नाच्याच मागे लागलो: या दोन मांडण्या आल्या कुठून?

७-८-९ ची गोष्ट जुनी. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डमध्ये डेव्हिड संडस्ट्रँड याने १९१४च्या सुमारास दहा बटणांचं बेरजेचं यंत्र आणलं. शून्य खाली आणि तिथून आकडे वर चढत जाणारे. हिशेबनिसांच्या बोटांना ती मांडणी बसली आणि पुढे कॅल्क्युलेटरनेही तीच घेतली.

टेलिफोनवर तेव्हा फिरवायची तबकडी होती. तिच्या जागी बटणं आणायचं बेल लॅब्सने ठरवलं, तेव्हा तयार मांडणी बाजारात होतीच. ती उचलता आली असती. पण तिथे जॉन कार्लिन नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, व्हायोलिन वाजवणारा. १९४५ साली तो बेल लॅब्समध्ये आला आणि त्याने असा विभाग उभा केला, ज्याचं काम यंत्र वापरणाऱ्या माणसाकडे बघणं हे होतं. फोनची वायर किती लांब हवी, हे शोधायला त्याच्या लोकांनी सहकाऱ्यांच्या टेबलांवरच्या वायरी त्यांच्या नकळत इंच-इंचाने आखूड केल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. सुमारे फूटभर वायर कमी होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणतात.

बटणांचा अभ्यास रिचर्ड डाइनिंगर याने केला. त्याचा लेख जुलै १९६०च्या 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'मध्ये छापला आहे. तो मी दोनदा वाचला. आधी उत्सुकतेने, नंतर थोडी लाज वाटून.

कारण डाइनिंगरने शून्यापासून सुरुवात केलेली नाही. १९५५ साली मेरी लुट्झ आणि अल्फॉन्स चपॅनिस यांनी लोकांपुढे कोरी बटणं ठेवून, कुठला आकडा कुठे असेल असं तुम्हाला वाटतं, हे विचारलं होतं. तीन-तीनच्या रांगा दिसल्या की बहुतेकांनी वाचायच्या क्रमाने आकडे भरले: वर डावीकडून १, २, ३. म्हणजे लोकांची अपेक्षा काय, हा प्रश्न पाच वर्षांपूर्वीच विचारून झाला होता. डाइनिंगरला त्याच्या पुढचा प्रश्न घेता आला: अपेक्षा असो वा नसो, हात प्रत्यक्षात किती वेगाने आणि किती अचूक चालतो? त्याने सोळा मांडण्या तपासल्या. गोल, आडव्या, उभ्या, आणि त्यांत कॅल्क्युलेटरचीही. बटण किती दाबलं जावं, त्याला किती जोर लागावा, हेही पाहिलं.

हिशेबनीस फार भरभर बटणं दाबतील म्हणून फोनची मांडणी मुद्दाम उलटी केली, अशी एक कथा इंटरनेटवर फिरते. लेखातलं उत्तर त्यापेक्षा साधं आहे. चांगल्या मांडण्यांमध्ये एकमेकींत फार मोठा फरक निघाला नाही. मग वेग, चुका, लोकांची आवड आणि बनवायची सोय, असं सगळं मिळून १-२-३ वर आणि शून्य खाली ही मांडणी निवडली. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत बटणांचे फोन ग्राहकांना मिळू लागले. तेव्हा बटणं दहाच होती. तारा आणि हॅश नंतर आले.

'फार मोठा फरक निघाला नाही' हे वाक्य १९६० साली छापलेलं होतं, आणि त्याच मुद्द्यावर आम्ही तीन मीटिंगा घातल्या होत्या. पुढे १९६८ साली ब्रिटनमध्ये कॉनराड आणि हल यांनी याच दोन मांडण्या समोरासमोर ठेवल्या. बटणांची सवय नसलेल्या लोकांच्या चुका टेलिफोनच्या मांडणीवर कमी झाल्या. 'सवय नसलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. आमचे काका तीस वर्षं कॅल्क्युलेटर वापरताहेत. जुना अभ्यास सापडला म्हणजे उत्तर सापडलं असं नाही. तो कुणावर केला, कधी केला, त्यांच्या हातात तेव्हा काय होतं, हे कळलं तरच तो आपल्या कामाचा. डाइनिंगरच्या लेखात ते कळतं, कारण काय केलं, कसं केलं आणि काय टाकून दिलं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी आमच्याच ड्राइव्हमध्ये शोधायला बसलो. 'कीपॅड' शोधलं, काही नाही. 'दुकानदार' शोधलं, काही नाही. शेवटी तारखा लावून एकेक फोल्डर उघडत गेलो. 'फायनल_नवीन_२' नावाची फाइल मिळाली. दोन वर्षांपूर्वीची, अठरा दुकानांची, बत्तीस पानांची. पान ११ वर लिहिलं होतं: आकड्यांच्या क्रमाबद्दल तक्रार नाही, लोक बघून दाबतात. पण दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर '००' असतं आणि ते न बघता दाबायची सवय आहे. आपल्याकडे ते नसल्याने शून्य राहून जातं. एका ठिकाणी १५०० ची उधारी १५० लिहिली गेली आणि गिऱ्हाइकाशी भांडण झालं.

आमच्या ॲपवर त्यानंतर दोन वर्षं अशी किती शून्यं राहून गेली असतील, याची नोंद कुठेच नाही.

ती मुलगी कंपनी सोडून गेली होती. नंबर मिळवून मी फोन केला. रागावेल असं वाटलं होतं, ती हसली. म्हणाली, "रिपोर्ट दिला त्या आठवड्यात आमची टीमच बदलली. वाचायला कुणी उरलं नव्हतं."

बटण टाकायला दीड दिवस लागला. सोबत मी एक साधी यादी केली: कोणता प्रश्न, कुणाला विचारला, कधी, कुठे, काय कळलं, फाइल कुठे आहे. प्रत्येक अभ्यासाची एक ओळ. आता नवं काम ठरवताना आधी ती यादी उघडतो. पहिल्याच महिन्यात त्यात आणखी दोन विसरलेले रिपोर्ट जमा झाले. एकात असा प्रश्न होता, जो आम्ही पुढच्या तिमाहीत विचारणार होतो.

महिन्याभराने काकांकडे गेलो. एक गिऱ्हाईक उभं होतं. काकांनी त्याच्याशी बोलता बोलता, खाली न बघता, अंगठ्याने १, ५ आणि '००' दाबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या मुलीला सांग, दिलं म्हणून."

सांगितलं.