फॉस्फेटचे दार आणि विषाणू

पेशीपटल शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की ते काही पदार्थांना वाट देते व काहींना अडवते. ऑक्सिजन त्यातून सहज जातो. फॉस्फेट जात नाही. डीएनए, एटीपी आणि खुद्द पेशीपटल यांच्या घडणीत फॉस्फेट लागते. पण त्याच्या आयनावर ऋण विद्युतभार असतो आणि पटलाच्या स्निग्ध थरातून भारित कण पार होत नाहीत. त्यातून पेशीची आतली बाजूही ऋणभारित. म्हणजे फॉस्फेटला आत आणणारी वाहक प्रथिने असलीच पाहिजेत. गंमत अशी, की त्यांपैकी काही प्रथिने सापडली ती विषाणूंचा माग काढताना.

गिबन वानरांना रक्ताचा कर्करोग करणारा एक विषाणू आहे. प्रयोगशाळेत तो मानवी पेशींत शिरतो, पण उंदराच्या पेशींत शिरू शकत नाही. असे का? संशोधकांनी मानवी डीएनए उंदराच्या पेशींत घातला, तेव्हा काही पेशींना विषाणूची लागण होऊ लागली. अशा पेशींतून १९९० साली एक मानवी जनुक वेगळे करण्यात आले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला 'विषाणूचा ग्राही' असे नाव मिळाले.

पण शत्रूला आत घेण्यासाठी कोणती पेशी दार बांधील? या प्रथिनाचे मूळ काम वेगळेच असणार. धागा मिळाला तो न्यूरोस्पोरा या बुरशीत. बीडल आणि टेटम यांच्या जनुकांवरील प्रयोगांमुळे प्रसिद्ध झालेली हीच ती बुरशी. तिच्या एका फॉस्फेट-वाहकाशी मानवी प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम जुळत होता.

साम्य म्हणजे पुरावा नव्हे. तो १९९४ साली मिळाला. झेनोपस बेडकाच्या अंडपेशींत हे प्रथिन तयार करवले, तेव्हा त्या अधिक फॉस्फेट घेऊ लागल्या. मात्र बाहेर सोडिअम असेल तरच. पेशीबाहेर सोडिअम आतल्यापेक्षा दहा पटींहून अधिक असते. ते आत धावते आणि त्या ओघात फॉस्फेटलाही ओढून नेते. फॉस्फेटच्या एका आयनामागे सोडिअमचे दोन आयन आत येतात. उंदरांतील दुसऱ्या एका विषाणूचा ग्राहीही असाच वाहक निघाला. या दोघांची नावे आता पिट-१ आणि पिट-२ अशी आहेत.

हे दार बिघडले तर काय होते, याचे उत्तर काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका आजाराने दिले. या रुग्णांच्या मेंदूत खोलवर कॅल्शिअम फॉस्फेट साचते. काहींना कंप सुटतो, हालचाली मंदावतात, काहींची मानसिक स्थिती बिघडते. काहींना मात्र कोणताच त्रास होत नाही. अशा अनेक कुटुंबांत पिट-२ च्या जनुकात दोष असल्याचे २०१२ साली दिसले. १९९९ साली विषाणूचा ग्राही म्हणूनच सापडलेले एक्सपीआर-१ हे प्रथिन फॉस्फेट पेशीबाहेर सोडते, हे २०१३ मध्ये कळले. आणि २०१५ मध्ये त्याच्या जनुकातील दोषही याच आजाराशी जोडला गेला. फॉस्फेटची आवक आणि जावक यांचा मेळ चुकला, की मेंदूत जणू खडा धरतो.

उपचार आजही मुख्यतः लक्षणांपुरतेच आहेत. पण कारण कळल्यामुळे कुटुंबाला निदान तरी नेमके मिळू शकते. विद्यार्थ्यांना यातून आणखी एक गोष्ट सांगता येईल. एखाद्या प्रथिनाला मिळालेले पहिले नाव ते कसे सापडले एवढेच सांगते. ते कशासाठी आहे, हे पुढे शोधावे लागते.