बॉट्युलिझम
क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूच्या विषामुळे होणारी दुर्मिळ पण प्राणघातक अन्नविषबाधा. १८९५ मध्ये बेल्जियममधील एलेझेल गावी अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांना खारवलेल्या हॅममधून बाधा झाली. त्या हॅममधून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जिवाणू वेगळा केला.

हवाबंद, कमी आम्लाच्या अन्नात बीजाणू रुजून विष तयार होते. ते चेतातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन स्रवू देत नाही. त्यामुळे स्नायू लुळे पडतात. बहुधा १२ ते ३६ तासांत पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, घास गिळवत नाही. उपचार न झाल्यास श्वास थांबतो. प्रतिविष लवकर देणे व कृत्रिम श्वसन हे मुख्य उपचार होत. उकळल्याने विष नष्ट होते, बीजाणू मात्र टिकतात. फुगलेल्या डब्यातील अन्न चाखूनही पाहू नये.