तळटीप १४ : ठाकरी

१४. ठाकरी : सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या ठाकर (ठाकूर) आदिवासींची बोली, इंडो-आर्यन कुळातील व मराठीला जवळची. जमातीच्या ‘क-ठाकूर’ आणि ‘म-ठाकूर’ अशा दोन शाखा असून अनुसूचित जमातींच्या यादीत दोहोंचाही स्वतंत्र उल्लेख आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाकरी मराठीच्या बोलींत नोंदली आहे. १९५६च्या यादीत नाशिक जिल्ह्यातील केवळ इगतपुरी, नाशिक व सिन्नर या तालुक्यांतील ठाकरांना अनुसूचित जमातीचा दर्जा होता. १९७६च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. बोलीचा बाज जसाच्या तसा वाचकापर्यंत पोहोचावा, म्हणून उताऱ्यातील ठाकरी संवाद प्रमाण मराठीत बदललेले नाहीत. — संपा.