फळ हवे की धागा?

केळीच्या खोडापासून साडी, अननसाच्या पानांपासून चामड्यासारखे कापड, संत्र्याच्या सालीपासून रेशमी पोत अशा बातम्या आता वरचेवर येतात. त्यांच्याबरोबर एक विधानही हमखास येते की यात नवे काही नाही, पूर्वीचे लोक हेच करत. बातमीचा पहिला भाग उमेद वाढवणारा आहे. दुसरा मात्र इतिहासाशी ताडून पाहायला हवा. केळी आणि अननसाच्या धाग्याची वस्त्रे जिथे कळसाला पोहोचली, तिथे ती टाकाऊ मालातून आलेलीच नव्हती. धाग्यासाठी झाड वेगळे लावले जाई, वेगळे वाढवले जाई आणि त्याच्या फळावर पाणी सोडले जाई. आजच्या प्रयोगांचे भवितव्य बऱ्याच अंशी या एका फरकावर अवलंबून आहे, असे मला वाटते.

जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर, ओगिमी भागातल्या किजोका गावात ‘बाशोफू’ नावाचे केळीचे कापड विणतात. दमट उन्हाळ्यात अंगाला न चिकटणारे हे कापड तिथल्या ऱ्युक्यू राज्यात राजघराण्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे वापरत. पण ही केळ खाण्याची नव्हे. तिच्या फळात बियाच बिया. दोन-तीन वर्षे वाढवताना दर वर्षी तीन-चार वेळा तिची पाने आणि शेंडा छाटतात, म्हणजे खोड बुंध्यापासून टोकापर्यंत सारख्या जाडीचे राहते आणि धागा मऊ येतो. खोड कापल्यावर त्याची सोपटे थरांप्रमाणे वेगळी करतात. बाहेरचा थर जाड्याभरड्या कामाला, आतले मऊ थर किमोनोला आणि गाभ्याजवळचा थर रंगवायच्या धाग्याला. मग राखेच्या पाण्यात उकळणे, बांबूच्या चिमट्याने गर खरवडून काढणे, पट्ट्या नखाने उभ्या चिरत केसासारख्या बारीक करणे आणि त्यांची टोके एकेक गाठ मारून जोडणे. एका किमोनोपुरत्या कापडाला सुमारे 200 झाडे लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला जवळपास संपली होती. युद्धकाळात कुराशिकीला काम करून परतलेल्या तोशिको ताइरा यांनी गावातल्या बायकांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. 1974 मध्ये जपान सरकारने किजोकाच्या बाशोफूला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि 2000 मध्ये ताइरा यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. एवढा सन्मान मिळालेल्या या कापडात टाकून दिलेले असे काहीच नाही.

फिलिपिन्समधल्या अननसाच्या ‘पिन्या’ कापडाची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे फळ खाण्याजोगे होते. अननस अमेरिकेतून स्पॅनिश लोकांबरोबर तिथे गेला. पानाच्या धाग्यासाठी तांबडी स्पॅनिश जात लावली जाई आणि पाने लांब व्हावीत म्हणून फळ कोवळे असतानाच खुडले जाई. पानाची वरची साल चिनी मातीच्या फुटक्या बशीच्या धारेने खरवडली की आधी जाडा धागा सुटतो. मग नारळाच्या करवंटीने हलक्या हाताने खरवडल्यावर त्याखालचा बारीक, रेशमासारखा धागा हाती येतो. तोही गाठी मारून जोडायचा आणि हातमागावर विणायचा. पानाय बेटावरचे कालिबो हे या कामाचे गाव, आणि 2023 मध्ये युनेस्कोने आकलान प्रांतातील या विणकामाची आपल्या यादीत नोंद केली. त्याच बेटावरच्या इलोइलोत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अननस, अबाका ही धाग्याची केळ, रेशीम आणि कापूस यांच्या मिश्र कापडाचा मोठा धंदा होता. 1855 मध्ये इलोइलो बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि पुढच्याच वर्षी निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत तिथे आला. त्याने इलोइलोच्या नक्षीची नक्कल केलेले गिरणीचे स्वस्त कापड इंग्लंडहून आणले, परतीच्या जहाजांसाठी साखर हवी म्हणून शेजारच्या नेग्रोस बेटावर उसाला भांडवल आणि यंत्रे पुरवली, आणि काही दशकांत मागांवरचे हात उसाच्या मळ्यांत गेले. पिन्या हरले ते दर्जात नव्हे. एकेक गाठ मारायला लागणारा वेळ गिरणीच्या सुतापुढे टिकला नाही. वनस्पतीचा धागा स्वस्त म्हणून मिरवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग नीट वाचावा, कारण या धाग्यात पानाची किंमत नगण्य असते आणि सगळा खर्च हातांचा, त्यातही बहुतेक बायकांच्या हातांचा असतो.

यावर सरळ आक्षेप येईल तो नारळाचा. खोबरे खायचे आणि सोडणाचा काथ्या करायचा, हे तर खरोखरच उरलेल्यातून काढलेले सूत आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मालदीवमध्ये पाहिले की किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत सोडणे कुजवून, ठोकून बायका काथ्या वळतात आणि त्या दोरीने जहाजांच्या फळ्या शिवल्या जातात. पुढे 1859 मध्ये जेम्स डॅरा याने आलप्पुझात काथ्याच्या चटयांचा कारखाना काढला. हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो मूळ मुद्दा मोडत नाही. काथ्या चालला तो दोर, पायपुसणी, चटया यांवर. अंगावरच्या वस्त्रावर नाही. शिवाय उत्तम पांढऱ्या काथ्यासाठी नारळ पूर्ण वाळण्याआधीच उतरवावा लागतो, म्हणजे इथेही धागा फळाच्या वेळापत्रकात ढवळाढवळ करतोच. आणि सोडणे महिनोन्महिने कुजवल्याने केरळच्या खाड्यांचे पाणी नासले, हेही विसरता येत नाही. वनस्पतीचे म्हणून सारे निर्मळ, असे गृहीत धरायला इतिहासात आधार नाही.

दुसरा आक्षेप यंत्राचा. हाताने खरवडायचे दिवस गेले, आता खोड चिरून धागा काढणारी यंत्रे आहेत. खरे आहे, पण यंत्राने निघालेला फळकेळीचा धागा ताठ असतो. कपड्यासाठी तो मऊ करून कापसात मिसळावा लागतो आणि मगच त्याचे सूत निघते. कार्मेन इहोसा यांचे ‘पिन्याटेक्स’ हे चामड्यासारखे कापड फिलिपिन्समधल्या फळबागांच्या पानांपासून होते, म्हणजे ते खरोखर कचऱ्यातून आलेले आहे. त्याच्या एका चौरस मीटरला सुमारे 480 पाने लागतात. पण तो विणलेला कपडा नाही. धाग्यांचा दाबून केलेला थर आहे, आणि त्यात मक्यापासून केलेले प्लास्टिक व वरून पॉलियुरेथेनचा लेप असतो. मला हा प्रयोग कमी लेखायचा नाही. उलट, तो प्रामाणिक वाटतो, कारण फळबागेच्या पानातून जे निघू शकते तेवढेच त्याने मागितले आणि पिन्याच्या तलमपणाचा हट्ट धरला नाही.

जळगावच्या केळीबागांकडे या दृष्टीने पाहिले की हिशेब स्पष्ट होतो. घड उतरला की खोड निकामी, आणि दर वर्षी अशी कितीतरी खोडे शेतात उभी राहतात. पण खोडाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो. गाडीभर खोडे यंत्रापर्यंत नेणे म्हणजे मुख्यतः पाणी वाहणे. 100 किलो खोडातून सुका धागा निघतो तो किलोच्या आसपास. तेच खोड चिरून बागेत कुजवले तर त्यातले पालाश जमिनीला परत मिळते, तेव्हा शेतकऱ्याच्या लेखी तो कचराही नव्हे. धाग्याच्या भावाने ते शेताबाहेर काढायचे तर या खताची भरपाईही त्या भावात बसायला हवी. म्हणूनच नवसारी कृषी विद्यापीठाने धाग्याबरोबर खोडाच्या रसाचे द्रवखत करण्याची जी वाट दाखवली, ती मला जास्त पटते. तिथे यंत्र शेताजवळ ठेवता येते, रस पिकाला परत जातो, गराचे खत होते आणि धागा हे त्या साखळीतले एक उत्पन्न ठरते. किजोकाच्या बायका धाग्यासाठी केळ वाढवतात. खानदेशातला शेतकरी ती घडासाठीच वाढवणार, आणि त्याच्या खोडातून जो धागा मिळेल त्यातून कापूस मिसळलेले जाडसर कापड, पिशव्या, चटया आणि हातकागद होईल.